अंगठ्याचे मोल

माणसाच्या हाताची किंमत किती, या प्रश्नाला कवी एक उत्तर देईल आणि शल्यविशारद दुसरे देईल. पण आपल्या देशाच्या कायद्याने ते उत्तर आकड्यांत मांडून ठेवले आहे. उजव्या हाताचा असो वा डाव्या, संपूर्ण अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीची हानी शेकडा ३०. तर्जनी गेली तर शेकडा १४. एका हाताची चारही बोटे गेली तर शेकडा ५०. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर शेकडा ४०. दोन्ही हात गेले तर शेकडा शंभर. कामगार भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याला जोडलेले हे कोष्टक अधूनमधून झालेल्या फेरफारांनिशी आजतागायत चालत आले आहे. एकलव्याने अंगठा दिला तेव्हा त्याची भरपाई कोणी मोजली नाही. आपल्या काळात ती मोजली जाते, ही प्रगती खरीच. पण मोजणाऱ्याचे माप बरोबर आहे काय, आणि मोजलेले पदरात पडते काय, हे प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

वेळ आली आहे असे म्हणण्यास कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता देशभर अमलात आल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेत १९२३ चा भरपाई कायदा, १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आणि इतर सात कायदे विलीन झाले. या संहितांचे वादविवाद नोकरकपातीची मुभा, संपाची नोटीस आणि वेतनाची व्याख्या यांभोवतीच फिरत राहिले. यंत्रात हात गेलेल्या माणसाच्या घरात दुसऱ्या महिन्याला वाणसामान कशाच्या बळावर यावे, याची चर्चा फारशी झाली नाही. अपंग झालेला कामगार संप करीत नाही, मोर्चा काढीत नाही. तो गावी निघून जातो. त्याचा प्रश्न चर्चेत मागे पडतो तो यामुळेच.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. जर्मनीत बिस्मार्कने १८८४ साली अपघातविम्याचा कायदा केला आणि इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा. चूक कामगाराची की मालकाची, हा वाद बाजूला ठेवून यंत्राच्या धोक्याचा खर्च धंद्याने सोसावा, हे तत्त्व या कायद्यांनी प्रस्थापित केले. आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने तेच तत्त्व उचलले; परंतु भरपाई देण्याचा भार एकेकट्या मालकावर टाकला. मालक दिवाळखोर निघाला, कारखाना बंद झाला, वा त्याने नुसते हात वर केले, की कामगाराच्या हाती दाव्याचे कागद तेवढे उरत. हा दोष ओळखून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळीत असताना, १९४३ साली प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा जन्माला आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले आणि १९५४ साली ती मुंबईच्या गिरणगावात पोहोचली. वर्गणी सर्वांनी भरावी, निधी एक असावा आणि अपघात झाला तर त्या निधीतून कामगारास आयुष्यभर मासिक वेतन मिळावे, अशी ती व्यवस्था होती. एका मालकाच्या नियतीवर कामगाराचे भवितव्य टांगलेले राहू नये, हे तिचे मर्म.

आज या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि त्यांतला विसंवाद उघडा पाडण्यास प्राथमिक शाळेतले त्रैराशिक पुरते. राज्य विम्याच्या छत्राखाली असणारा तीस वर्षांचा कामगार महिना २० हजार रुपये मिळवतो असे धरू. प्रेसखाली त्याचा अंगठा गेला. पूर्ण अपंगत्वास वेतनाच्या शेकडा ९० म्हणजे १८ हजार रुपये मासिक, त्यातील शेकडा ३० म्हणजे ५,४०० रुपये त्यास दरमहा मिळतील. ते तहहयात मिळतील, दुसरे काम मिळाले तरी मिळतील आणि महागाई पाहून वेळोवेळी थोडे वाढतीलही. आता त्याच्याच शेजारच्या यंत्रावरचा, त्याच वयाचा, पण अधिक कसबी आणि २६ हजार मिळवणारा कामगार घेऊ. राज्य विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी २१ हजार झाली व पुढे आठ वर्षे तेथेच थिजून राहिली. त्यामुळे हा दुसरा गडी त्या छत्राबाहेर पडतो आणि त्यास भरपाईच्या कायद्याकडे जावे लागते. तेथे वेतनाच्या शेकडा ६० ला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांस तो गुणक २०७.९८ आहे. परंतु जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने वेतन कितीही असले तरी १५ हजारच धरावे, असे ठरवून दिले. त्या मर्यादेने हिशेब केला तर अंगठ्याचे ५ लाख ६१ हजार रुपये होतात. खरे वेतन धरले असते तर ते ९ लाख ७३ हजार झाले असते. म्हणजे चार लाखांवर रक्कम केवळ एका आकड्याच्या जुनेपणामुळे गळाली. हाती आलेले पैसे साडेसहा टक्के व्याजाने बँकेत ठेवले, तर महिना तीन हजारांच्या आसपास येतात. सहा हजार रुपये अधिक कमावणाऱ्या कामगाराच्या अंगठ्याचे मासिक मोल कमी कमावणाऱ्याच्या अंगठ्याहून बरेच कमी ठरते! कसब वाढवावे, पगार वाढवावा आणि त्याबरोबर संरक्षण गमवावे, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

वेतनमर्यादेचा हा रोग जुना आहे. भरपाईच्या हिशेबात पूर्वी महिना ४ हजार रुपये धरीत. २०१० साली ते ८ हजार झाले आणि १५ हजार होण्यास पुढे जवळजवळ दहा वर्षे लागली. मधल्या काळात ज्यांचे हातपाय गेले, त्यांची भरपाई त्या त्या वेळच्या शिळ्या आकड्यानेच झाली. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा पाहिला जातो. कामगाराच्या तुटलेल्या हाताचे माप मात्र दशकातून एकदा पाहिले जाते. नव्या संहितेनेही हा आकडा सरकारच्या अधिसूचनेवरच सोपविला आहे. ठराविक मुदतीने तो वाढलाच पाहिजे असे बंधन घातलेले नाही.

एकरकमी भरपाईची पद्धतही आम्हांस घातक वाटते. एवढी रक्कम ज्याने जन्मात एकत्र पाहिली नाही, त्याच्या घरात ती येते तेव्हा घर आधीच कर्जात असते. इस्पितळाचे देणे, सावकाराचे देणे, वर्षभर थकलेले भाडे, तोंडावर आलेले बहिणीचे लग्न, यांत ती विरघळून जाते. यात कामगाराचा उधळेपणा शोधणे अन्यायाचे आहे. गेलेली वस्तू दरमहा येणारी होती, ती एकदाच परत देऊन कसे चालेल? मजुरी गेली असेल तर भरपाई मजुरीच्या रूपानेच, म्हणजे महिन्याच्या महिन्याला, आली पाहिजे. आडारकरांच्या योजनेने हे सत्तर वर्षांपूर्वी मान्य केले. भरपाईच्या कायद्याने ते अद्याप मान्य केलेले नाही.

दुसरा दोष मापाचा. हात किती टक्के गेला हे वैद्य सांगू शकतो. पण संसार किती टक्के गेला हे धंद्यावर अवलंबून असते. डाव्या हाताची दोन बोटे गेलेला कारकून पुन्हा खुर्चीवर बसेल. तीच बोटे गेलेला सुतार, विणकर वा लोहार काय करील? न्यायालयांनी हे ओळखले आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याचे अपंगत्व संपूर्णच मानले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये दिला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निर्णयाने स्पष्ट केले. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने शरीराची हानी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सविस्तर समजावून सांगितले, आणि चालक वा सुतार यांचा हात व सरकारी कारकुनाचा हात यांतला फरक उदाहरणासह दाखवला. न्यायालयांत प्रस्थापित झालेले हे तत्त्व कचेरीच्या टेबलापर्यंत पोहोचावयास पाहिजे होते. पण तेथे अजूनही कोष्टकाचे बोट धरूनच निकाल लिहिण्याकडे कल असतो, आणि ज्यास तो निकाल मान्य नाही त्याने वकील करून वर जावे, अशी अपेक्षा असते. एक हात गेलेल्या, रोजगार बुडालेल्या माणसाने वर जावे म्हणजे किती वर्षे जावे? उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली कामावर जात असता वाटेत अपघाताने मरण पावला. कामावर जातानाचा अपघात कामाशी जोडलेला मानता येईल, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने दिला तो जुलै २०२५ मध्ये. मधली बावीस वर्षे त्या घराने कशी काढली असतील? नव्या संहितेने घर ते कामाचे ठिकाण यांमधील अपघात भरपाईस पात्र ठरविला आहे, ही तिची चांगली बाजू आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. विलंबावर दर साल १२ टक्के व्याज आणि शेकडा ५० पर्यंत दंड यांची तरतूदही कायद्यात आहे. दंडाची तरतूद असणे आणि दंड बसणे यांत मात्र पुष्कळ अंतर असते.

तिसरा दोष सर्वांत मोठा. या साऱ्या मापात मोजले जाण्याइतपत भाग्यही बहुसंख्य श्रमिकांच्या वाट्यास येत नाही. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांतील अपघातांचा मागोवा २०१९ पासून घेणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने वारंवार दाखवून दिले आहे, की पुष्कळ कामगारांस राज्य विम्याचे ओळखपत्र अपघात झाल्यानंतरच मिळते. कायदा सांगतो की कामाच्या पहिल्या दिवसापासून अपघाताचे संरक्षण आहे. कंत्राटदार सांगतो की आधी सहा महिने टिकून दाखव. बोटे तुटल्यावर नाव नोंदवणे म्हणजे घर जळल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. फरक इतकाच, की येथे विहीर खणण्याचे काम ज्याचे होते त्याचे घर जळत नाही.

शेतीकडे वळलो तर चित्र अधिक विदारक आहे. मळणीयंत्रात आणि कडबाकुट्टीत हात जाण्याच्या घटना आपल्या खेड्यांना नव्या नाहीत. राज्य सरकारने २०२३ साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात अनुदान योजना विमा कंपन्यांकडून काढून स्वतःकडे घेतली. मृत्यू वा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव गेल्यास एक लाख, असे तिचे स्वरूप. हेतू चांगला आहे. परंतु तिचा लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारास व त्याच्या कुटुंबातील एकास. यंत्रात पेंढी सारणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो आणि नेमका तोच बाहेर राहतो. त्याच्यासाठी २०१५ साली सुरू झालेली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये हप्त्यात दोन लाखांचे संरक्षण ही लहान गोष्ट नव्हे. पण तेथे एका हाताचा, पायाचा वा डोळ्याचा निकाल लागलेला असावा लागतो. दोनतीन बोटे गेली तर त्यांची त्या योजनेत गणना नाही. उरतो तो निराधारांच्या साहाय्याचा दरवाजा. केंद्राची मदत महिना ३०० रुपये, आणि तीही शेकडा ८० अपंगत्व असलेल्या दरिद्री माणसास. राज्याने संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे साहाय्य २०२५ साली दीड हजारांवरून अडीच हजार केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु काल परवापर्यंत स्वतःच्या मनगटावर घर चालविणाऱ्या माणसाने निराधार म्हणून दाखला मिळवल्यावरच समाजाने त्याच्याकडे पाहावे, यात समाजाची शोभा नाही.

येथवर वाचून आमच्या मध्यमवर्गीय वाचकांपैकी कित्येकांस वाटेल, की हा प्रश्न कारखान्याचा आणि शेताचा आहे, आमचा नव्हे. त्यांनी आपल्या कपाटातील विम्याचे कागद एकदा काढून पाहावेत. इस्पितळाचे बिल भरणारा विमा तेथे असेल. मरणानंतर पैसे देणारा विमा असेल. जिवंत राहूनही ज्यास कमावता येत नाही, त्या माणसाचा विमा मात्र बहुधा नसेल. आयुर्विम्यास जोडलेले अपंगत्वाचे कलम असलेच तर ते अपघातापुरते असते. पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, घराचे कर्ज फिटावयाचे आहे, मुले शाळेत आहेत, अशा खाजगी नोकरदाराच्या घरी पगार बंद झाल्यावर दरमहा काय येते? भविष्यनिर्वाहाच्या निवृत्तिवेतन योजनेत, १९९५ पासून, पूर्ण व कायम अपंगत्वास वेतन आहे आणि ते आजारासही लागू आहे. पण २०१४ साली ठरलेल्या १५ हजारांच्या मर्यादेने हिशेब केला, तर चौदा वर्षांच्या नोकरीस ते महिना तीन हजारांच्या आसपास पडते. शहरात तीन हजारांत एका खोलीचे भाडेही निघत नाही. अमेरिकेसारख्या खाजगी उद्योगाचा जयघोष करणाऱ्या देशानेही १९५६ साली आजार वा अपघात असा भेद न करता अपंगत्वाचा सामाजिक विमा स्वीकारला. आपण आपल्या पांढरपेशा वर्गासही तो अद्याप दिलेला नाही.

सरकारी नोकर यास अपवाद आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून त्यास काढता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर समान वेतनाचे दुसरे द्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करावे, असे २०१६ चा अपंग हक्क कायदा सांगतो. हे कलम फार शहाणपणाचे आहे, कारण अपंग माणसास दानापेक्षा काम हवे असते. परंतु ते सरकारी आस्थापनांपुरते आहे. ज्या यंत्रशाळांत हात तुटतात त्यांतील बहुतेक खाजगी आहेत. म्हणजे जेथे रोग तेथे औषध नाही.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतील. पहिला, उद्योगावर बोजा पडेल. २०१९ साली राज्य विम्याची वर्गणी वेतनाच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के झाला, कामगाराचा पाऊण. या वर्गणीत वैद्यकीय सेवा, आजारपण, बाळंतपण आणि अपघात हे सारे येते. जी वर्गणी एवढी उतरवता आली, तीत केवळ अपंगत्वापुरते संरक्षण वरच्या वेतनाच्या कामगारांस देण्यासाठी अल्पशी भर घालणे अशक्य आहे, हे आम्हांस पटत नाही. शिवाय यंत्राला संरक्षक जाळी न लावता वाचविलेला पैसा हा उद्योगाचा नफा नव्हे. ते कामगाराच्या शरीरातून काढलेले कर्ज आहे. दुसरा आक्षेप, लोक ढोंग करतील. काही करतीलही. त्यासाठी वैद्यकीय मंडळे आहेत, फेरतपासणी आहे. चारदोन ढोंगी सापडतात म्हणून हजारो खऱ्यांस उपाशी ठेवणे हा चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा प्रकार होय.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. भरपाई आणि राज्य विमा या दोहोंच्या वेतनमर्यादा महागाईच्या निर्देशांकास जोडाव्यात आणि त्या दरवर्षी आपोआप बदलाव्यात. कायम अपंगत्वाची भरपाई मासिक वेतनाच्या रूपाने देण्याची सोय भरपाईच्या प्रकरणांतही असावी, आणि मालकाकडून वसुली करण्याचे काम विमा महामंडळाने करावे. कामगाराने मालकामागे धावू नये. २१ हजारांवरील नोकरदारांस अपंगत्वापुरता, आजारासहित, वर्गणीचा विमा खुला करावा. नाव न नोंदवता कामगारास यंत्रावर उभे करणाऱ्याकडून, अपघात झाल्यास, भरपाईचा संपूर्ण खर्च वसूल व्हावा. घरोघरी जेवण आणि सामान पोहोचविणाऱ्या दुचाकीवरच्या तरुणांस संहितेने प्रथमच कामगारांच्या यादीत आणले व कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली. त्या निधीचा पहिला खर्च अपघातग्रस्तांच्या वेतनावर व्हावा. असे करता येते याचा दाखला महाराष्ट्राने स्वतः दिला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने, ज्यास एक धनी नव्हता अशा हमालासाठी मंडळ उभे केले, मजुरीबरोबर जादा आकार वसूल केला आणि त्यातून त्याचे हक्क सांभाळले. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे साधले, ते पाठीवर खाद्यपदार्थांची पेटी वाहणाऱ्यासाठी का साधू नये?

यांतील बहुतेक गोष्टींस संसदेत नवा कायदा करण्याचीही गरज नाही. मर्यादांचे आकडे अधिसूचनेने बदलता येतात, ओळखपत्रांची तपासणी निरीक्षकांस उद्या सकाळी सुरू करता येते आणि राज्य सरकारला आपल्या शेतकरी अनुदानात शेतमजुराचे नाव एका निर्णयाने घालता येते. लागते ती इच्छा. कामगाराचा हात कारखान्याचे चाक फिरवीत असतो तोवर देशाच्या उत्पादनात त्याची मोजदाद होते. तो हात त्याच चाकात गेला म्हणजे मोजदाद थांबत असेल, तर आपल्या हिशेबाच्या वहीतच खोट आहे. ती दुरुस्त करण्याची जबाबदारी केंद्राच्या श्रमखात्याची आहे, राज्याच्या कामगार खात्याची आहे, आणि ती त्यांना विसरू न देण्याची जबाबदारी आपणां सर्वांची आहे.